गॅरेजमधली तिसरी सायकल

३ मार्च, रविवार

पडलो. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा तर गेटसमोरच, चढ सुरू व्हायच्या आधी, उभ्या उभ्या – आणि समोरची बाई कपडे वाळत घालत होती, तिच्या देखत! गुडघा सोलला, कोपर सोललं, अब्रू गेली ती वेगळीच.

वय सेहेचाळीस. धंदा चष्म्यांचा. आजवर मी उतरलेला सगळ्यात मोठा उतार म्हणजे दुकानाच्या पायऱ्या. आणि आता डोंगरात सायकल चालवणार म्हणे! ताईला फोनवर सांगितलं. ती आधी हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली की या वयात लग्न केलंस तेवढं वेड पुरे होतं.

पण करू काय? लग्नाला महिना होत आला. रजिस्टरवर सह्या केल्या, दोन बॅगा आणि पुस्तकांची खोकी घेऊन हिच्या घरी राहायला आलो. तेव्हापासून हिची लेक माझ्याशी सभ्यपणे वागतेय. सभ्यपणे! 'तुमचा टॉवेल दोरीवर आहे.' 'तुमचा फोन वाजतोय.' हाक म्हणून मारत नाही. काका नाही, अहो नाही. मी दिसलो की थेट वाक्यच सुरू करते. सोळा वर्षांची आहे. घरात तिला गोटी म्हणतात, तिच्या बाबांनी पाडलेलं नाव. ते चार वर्षांपूर्वी गेले. इथेच, मागच्या डोंगरात, सायकलवरून पडून.

पहिल्याच आठवड्यात तिने सांगून टाकलं होतं, "रविवारी मी डोंगरावर असते. माझ्यासाठी जेवायला थांबू नका." तेव्हाच मनात आलं की ती घरी सापडत नाही तर आपणच डोंगरावर जावं. तर हे असं. गॅरेजमध्ये आता तीन सायकली. भिंतीवर टांगलेली तिच्या बाबांची. तिच्याखाली गोटीची. आणि दाराजवळ माझी, अजून नव्या रबराचा वास मारणारी.

संध्याकाळी हिने गुडघा धुतला, मलम लावलं. ही हाडांच्या दवाखान्यात नर्स आहे, प्लास्टरच्या खोलीत. हात इतका हलका की लागत नाही. आज मात्र लागला.

५ मार्च, मंगळवार

अंग ठणकतंय. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना माझीच मान वळेना. तरी रविवारची वाट बघतोय. काय हा बाष्कळपणा!

१० मार्च, रविवार

आज गोटीच्या सायकलवाल्या टोळीबरोबर. टोळीचा पुढारी म्हणजे एक दंतवैद्य – पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, पण सायकलवर बसला की वीस वर्षांनी लहान होतो. गोटीच्या बाबांचा जुना दोस्त. मला म्हणाला की रोज लोकांच्या तोंडात बघून कंटाळा येतो, म्हणून रविवारी झाडं बघायची.

डोंगरमाथ्यावर एक बाक आहे. तिथून खाली जायच्या दोन वाटा. एक वळणावळणाची, माझ्यासारख्यांना झेपेल अशी. दुसरी दोन खडकांच्या मधून सरळ खाली कोसळते. तिला सगळे 'नळी' म्हणतात. दंतवैद्य आणि बाकीचे एकेक करून नळीत घुसले. गोटी तोंडाशी थांबली, एकदा खाली बघितलं आणि सायकल वळवून सोप्या वाटेकडे आली. तिचे बाबा नळीतच गेले – दंतवैद्याने मला नंतर हळूच सांगितलं. पाऊस पडून गेला होता, दगड निसरडे होते. गोटी तेव्हा बारा वर्षांची.

मग आम्ही दोघंच. ती पुढे, मी मागे, जीव मुठीत धरून. एका वळणावर ती थांबली. मागे वळून म्हणाली, "काका, ब्रेक असा आवळून धरू नका. थोडा दाबा, थोडा सोडा. चाकाला श्वास घेऊ दे."

काका! मी तिथेच पडणार होतो.

घरी आल्यावर हिला सांगितलं. वाटलं होतं, खूश होईल. तिने माझ्या शर्टावरचा चिखल बघितला, म्हणाली बरं झालं, आणि आंघोळीचं पाणी काढायला गेली.

१३ मार्च, बुधवार

मूर्खपणा केला. गॅरेजमध्ये सायकल पुसत होतो. खुंटीवर एक जुनं हेल्मेट होतं, धूळ बसलेलं. पुसायला घेतलं. पुसता पुसता डोक्यावर घालून बघितलं – बघू बसतं का, एवढंच! दारात गोटी.

"ते काढा."

दोनच शब्द. मी काढलं. तिने माझ्या हातातून घेतलं, खुंटीवर ठेवलं, बंद परत नीट केला आणि गेली. जेवताना मान वर केली नाही. मीही नाही. हिने दोघांकडे बघितलं आणि आमटी वाढली.

१७ मार्च, रविवार

सकाळी दोन्ही टायर बसलेले! पुढचं आणि मागचं. काट्यावरून गेलो असेन म्हणावं तर गेल्या रविवारपासून सायकल जागची हललेली नाही. पंप शोधायला गेलो, सापडेना. गोटी थोडा वेळ थांबली, मग तिची टोळी निघून जाईल म्हणून गेली.

पण दिवस छान गेला. खरंच छान. हिने ऑम्लेट केलं, दोनदा चहा केला. आम्ही दोघांनी मिळून माझी पुस्तकं कपाटात लावली. ही गुणगुणत होती. लग्न झाल्यापासून तिला गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं. मला 'तू' म्हणताना अजून थोडी अडखळते, रागावली की पटकन 'तुम्ही'वर जाते. आज दिवसभर तू, तू, तू. मनात म्हटलं, टायर बसले ते बरंच झालं.

पंप संध्याकाळी मिळाला. वॉशिंग मशीनच्या मागे. तिथे कसा गेला देव जाणे.

२४ मार्च, रविवार

परत! दोन्ही टायर. या वेळी मी खाली बसून नीट बघितलं. टायरला काही झालेलं नाही. व्हॉल्व्हची आतली बारीक टोपी सैल केलेली होती. दोन्हींची.

मी दिवसभर स्क्रू आवळतो. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू – मोहरीच्या दाण्याएवढा. तो कसा सैल होतो ते मला माहीत आहे. रोजच्या उघडझाकीने, महिन्या-दोन महिन्यांनी, पाव फेरा, अर्धा फेरा. एका आठवड्यात, जोडीने, सारखाच सैल होत नाही.

टोप्या आवळल्या, हवा भरली, उशिरा का होईना पण गेलो. गोटी बाकापाशी भेटली. "आलात?" म्हणाली. आश्चर्य वाटल्यासारखं. मी म्हटलं, आलो तर! मला दुरुस्ती येते म्हटलं. तिने माझ्या टायरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. लिहायला लाज वाटते.

२८ मार्च, गुरुवार

आज ही कामावरून आली आणि बूट न काढता माझ्याजवळ येऊन बसली. सांगत होती – सोमवारी प्लास्टरच्या खोलीत रविवारचे सगळे येतात. मैदानावर पडलेले, जिन्यावरून पडलेले, आणि डोंगरावरून. डोंगरावरच्यांचे बूट ती चिखलावरून ओळखते. चार वर्षं झाली, दर सोमवारी दार उघडलं की आधी बुटांकडे लक्ष जातं तिचं.

"सोडशील का हे?"

मी थट्टेवारी नेलं. म्हटलं मी पडतो, पण हळू पडतो. मग तिचा चेहरा बघून म्हटलं की नळीत कधी जाणार नाही, शपथ. आणि गोटीचं काय, ती तर रोज मरणाच्या दारात असल्यासारखी चालवते, तिला का नाही सांगत? ही म्हणाली की तिला सांगून बघितलं. बापाची पोर आहे, ऐकत नाही. निदान मी तरी ऐकावं.

ऐकायला हवं होतं का? पण त्या पोरीने काका म्हटलंय. डोंगर सोडला तर मी परत टॉवेल आणि फोनवर येईन. हे हिला कसं समजावू? समजावलं. तिने ऐकून घेतलं, उठली, बूट काढले.

३१ मार्च, रविवार

या वेळी हवा नाही.

गेटपाशी सायकल नेली. पुढचं चाक उचलून रस्त्याच्या कडेवरून घेत होतो – चाक हललं. ज्या खटक्याने ते चाक जखडलेलं असतं, तो पूर्ण उघडा. चाक नुसतं खाचेत अडकून होतं. चढावर कळलंही नसतं. उतारावर निखळलं असतं.

हवा सोडणं ही खोडी म्हणून सोडून देता येते. हे नाही.

गॅरेजची किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागे असते. घरात माणसं तीन. मी माझ्या सायकलीचं चाक सैल केलेलं नाही. हिला सायकलींची इतकी धास्ती की गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाही. राहिलं कोण?

मी खटका बसवला. गोटी पुढे उभी होती, माझी वाट बघत. "झालं काय?" मी म्हटलं काही नाही. सगळ्या वाटेवर मी तिच्या पाठीकडे बघत होतो. वेणी हेल्मेटखालून बाहेर आलेली. सोळा वर्षांची पोर! त्या हेल्मेटपायी? की मी मुळात आलो म्हणून?

२ एप्रिल, मंगळवार

दुकान लवकर बंद करून आलो. गॅरेजचं दार अर्धवट उघडं. आत गोटी, माझ्या सायकलीपाशी गुडघ्यांवर बसलेली. मी खाकरलो. ती दचकून उठली, हात पाठीमागे. मी विचारलं काय चाललंय.

"काही नाही. बघत होते."

तिच्या मुठीत बोल्ट फिरवायची षटकोनी किल्ली होती, ॲलन की. लपवली तरी टोक दिसत होतं.

३ एप्रिल, बुधवार

कुणाला सांगू? हिला? 'तुझी लेक माझ्या जिवावर उठलीय' – हे वाक्य कोणत्या तोंडाने उच्चारायचं? हिने चार वर्षं एकटीने त्या पोरीला वाढवलं. मी कालचा पाहुणा. सांगितलं आणि खोटं ठरलं तर मी गेलोच. खरं ठरलं तर ही गेली.

ताईला फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवला.

७ एप्रिल, रविवार

गेलो नाही. पोट बिघडलंय म्हटलं. भित्रा कुठचा!

हिने माझ्यासाठी मऊ भात केला, पायांवर पांघरूण घातलं, शेजारी बसून वर्तमानपत्र वाचलं. मोठमोठ्याने, जाहिरातींसकट. इतकी खुशीत होती की मला पोट बिघडल्याचं सोंग आणखी वाढवावंसं वाटलं. सुखाचा संसार म्हणतात तो हाच असावा. फक्त दारात एक आजार उभा करून मिळालेला.

गोटी दुपारी आली, गुडघ्यापर्यंत चिखल. आल्या आल्या तिने आईला विचारलं, "काका आले नाहीत ते? मी बाकापाशी किती वेळ थांबले." तिचा चेहरा पडलेला होता. मी पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं. माझी वाट बघणारी माणसं आयुष्यात फार नव्हती. आणि आता एक आहे तर ती कशासाठी वाट बघते, हा विचार करत मी पडून होतो.

१४ एप्रिल, रविवार

आज ब्रेक.

निघण्याआधी गेटपाशी दोन्ही ब्रेक दाबून बघायची मला सवय लागलीय. चाकाच्या खटक्यापासून तर फारच. दाबले – आणि सायकल सरकतच राहिली! ब्रेक दाबला जात होता, पण पकडतच नव्हता. पाय टेकवून थांबलो. गोटी केव्हाच चढ चढून गेली होती. ती कधी काही तपासत बसत नाही, दार उघडलं की सुटते.

सायकल हातात धरून चालत दंतवैद्याकडे. तातडीचा रुग्ण आला म्हणून तो या रविवारी दवाखान्यातच होता. त्याने चाकावरच्या ब्रेकच्या डिस्कवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. म्हणाला, तेल. रस्त्यावरचं नाही, स्वच्छ. कुणीतरी फडक्याने पुसल्यासारखं लावलंय. डिस्कला तेल लागलं की ब्रेक मेला. दिसायला काही दिसत नाही, बोल्ट न् बोल्ट जागच्या जागी असतो.

मग मी सगळं सांगून टाकलं. टायर, खटका, ॲलन की. रुग्णाच्या खुर्चीत तोच बसला होता, मी समोर स्टुलावर. शेवटी म्हणाला, "गोटीला मी जन्मापासून बघतोय. पण बाप गेल्यावर माणूस कुठे वळेल ते मला सांगता यायचं नाही. तुम्ही तिच्या आईशी बोला."

नवीन ब्रेक पॅड त्यानेच बसवून दिले. डिस्क स्पिरिटने पुसली. मला घरी जावंसं वाटेना. त्याच्या दवाखान्यातल्या बाकावर उगीच मासिकं चाळत बसलो.

२१ एप्रिल, रविवार

ताईकडे जातो असं सांगून कालपासून इकडे आलोय. रविवार चुकवायला. ताईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, नव्या नवऱ्यासारखा दिसत नाहीस, जामिनावर सुटल्यासारखा दिसतोस. हसलो.

२३ एप्रिल, मंगळवार

हिच्याशी बोलायला गेलो. शब्द जुळवून ठेवले होते. म्हटलं, माझ्या सायकलीला कुणीतरी हात लावतंय.

ती भाजी निवडत होती. हात थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नको ना जाऊस मग. विकून टाक ती सायकल. मी हात जोडते तुझ्यापुढे." आणि खरंच जोडले. मेथीची माती लागलेले हात!

कोण, कसं, केव्हा – काही विचारलं नाही तिने. म्हणजे तिला माहीत आहे. माझ्या अंगावर काटा आला. तिला माहीत आहे आणि ती पोरीला पाठीशी घालतेय. आई आहे, घालणारच. पण मी? मी या घरात कोण?

२७ एप्रिल, शनिवार

हिला आज रात्रपाळी. संध्याकाळी डबा घेऊन गेली. जाताना दारात दोनदा मागे फिरली. एकदा चष्मा विसरला म्हणून, एकदा उगीचच. मला म्हणाली, उद्या पडून राहा सकाळी, मी आले की चहा करते.

घरात मी आणि गोटी. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. मधला दिवा सुरू.

एक गोष्ट ठरवलीय. उद्या तिला माझी सायकल द्यायची. सहज, प्रेमाने – नवीन आहे, चालवून बघ म्हणून. तिने काही केलं असेल तर ती घेणार नाही. चेहऱ्यावर दिसेल. डोळे बघणं हाच तर माझा धंदा. द्यायच्या आधी मी स्वतः स्क्रू न् स्क्रू तपासेन, म्हणजे धोका काही नाही. असं वागणं मला शोभत नाही, ठाऊक आहे. पण या संशयाने मी रोज थोडा थोडा वाईट माणूस होत चाललोय. एकदा काय तो निकाल लागू दे.

२८ एप्रिल, रविवार

मी गाढव आहे! महागाढव!

सकाळी तिच्या आधी गॅरेजमध्ये गेलो. खटका घट्ट. हँडल घट्ट. सीट, पॅडल, चाकं, व्हॉल्व्हच्या टोप्या – सगळं एकेक करून हाताने बघितलं. दुकानातल्या सवयीने प्रत्येक स्क्रूला पाव फेरा जास्तच. मग ती आली. म्हटलं, "गोटी, आज माझी घेऊन जा. माझा गुडघा धरलाय."

मी तिच्या डोळ्यांत बघत होतो. भीती शोधत होतो. आणि ते डोळे असे उजळले की मला खाली बघावं लागलं.

"खरंच? घेऊ?" मग हँडलवरून हात फिरवत म्हणाली, "बोल्ट मी कालच आवळलेत. तुम्हाला सांगणार नव्हते, वाईट वाटेल म्हणून. पण काका, तुमचं ना, सारखं काहीतरी सैल असतं. आवळायला जमत नाही तुम्हाला. मी बघते येता जाता."

ती बघते! ती माझी सायकल आवळत होती! पाठीमागे लपवलेली ती ॲलन की – माझ्या जिवासाठी होती. आणि मी पांघरुणात शिरून तिला काय काय ठरवलं! तिच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. त्याऐवजी नाक शिंकरलं आणि सांभाळून जा म्हटलं. ती हसली. म्हणाली, आज तुमच्या सायकलवर आहे म्हणजे हळू जाते, तुमच्यासारखी. गेटमधून सुटली ती थेट चढाला. वळणावर एक हात वर केला. माझ्यासाठी!

चहा करून घेतलाय, हे लिहितोय. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतोय. आज ही आली की तिला सगळं सांगणार, माझा वेडेपणासुद्धा. हसेल ती. मग पुढच्या रविवारी तिघांनी कुठेतरी जायचं, सायकलीशिवाय.

फक्त ते तेल. गोटी नाही, मी नाही. मग तेल कोणी – जाऊ दे. आता तो विचार नको. आजचा दिवस नको.

गेट वाजलं. ही आली वाटतं. घरात न येता गॅरेजकडे वळलीय. गॅरेजमध्ये ही कशाला

२९ एप्रिल, सोमवार

दारातूनच विचारलं तिने, "कोणती सायकल नेली तिने?" कुठे गेली नाही, केव्हा गेली नाही. कोणती. मी सांगितलं. पर्स तिथेच टाकून ती चढावर पळत सुटली. मी मागे. पळता पळता आठवलं – स्क्रू सगळे बघितले होते, ब्रेक दाबून बघितलेच नव्हते. अर्ध्या वाटेत दंतवैद्याचा फोन आला.

बाकाखालच्या वळणावर झाडावर आदळली. मांडीचं हाड, मनगट, दोन बरगड्या. जीव वाचला. प्लास्टरच्या खोलीत दुसऱ्या नर्सने काम केलं. हिला हात लावू दिला नाही.

बाहेरच्या बाकावर तिने सगळं सांगितलं. हवा, खटका, तेल. शनिवारी डबा भरून झाल्यावर, जायच्या आधी. "तुम्ही गेटपाशी ब्रेक बघता. परत फिराल, घरी राहाल, एवढंच." मग माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, "तिच्या बापाच्या सायकलीचीही हवा सोडायचे मी, आभाळ भरून आलं की. त्याला कधी कळलं नाही. त्या एका रविवारी कंटाळा केला."

गोटीने आत बोलावलं, मला एकट्याला. तोंड सुजलंय, शब्द नीट फुटत नव्हते. म्हणाली, "काका, ब्रेक लागलेच नाहीत. पण मी सगळ्यांना सांगितलंय की माझंच चुकलं. तुम्ही आईला कळू देऊ नका. तिला वाटेल तुम्ही सायकल नीट बघितली नव्हती. ती तुम्हाला घरात ठेवणार नाही."

मी हो म्हणालो.